एक परवली, अनेक दारे

एकाच माणसाने अनेक संगणकीय सेवा वापरावयाच्या, तर प्रत्येक दारात त्याने आपली ओळख नव्याने का पटवून द्यावी, हा प्रश्न वेबच्या जन्माआधीचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकापुढे बसावे आणि आपले टपाल, आपल्या फाइली, छपाईची सोय हे सारे त्याला तेथेच मिळावे, अशी ती योजना होती. मात्र यंत्रे सार्वजनिक होती, आणि तारांवरून जाणारा मजकूर तिऱ्हाइताला चोरून वाचता येण्याजोगा होता. अशा स्थितीत प्रत्येक सेवेकडे परवलीचा शब्द धाडणे म्हणजे तो चव्हाट्यावर मांडणेच होय.

या अडचणीतून ‘कर्बेरोस’ ही पद्धती निर्माण झाली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर पहारा देणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव. तिच्या मुळाशी असलेला विचार रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडला होता: परस्परांस अनोळखी असलेल्या दोन पक्षांनी, दोघांचाही विश्वास असलेल्या तिसऱ्याची साक्ष काढावी.

ही साक्ष कशी दिली जाते, हे पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी आपले नाव कळवितो. मध्यवर्ती यंत्र त्याच्या परवलीच्या शब्दापासून बनविलेल्या किल्लीने बंद केलेले उत्तर पाठविते. ते उघडण्यास तोच शब्द लागतो. पण तो विद्यार्थ्यापुढील संगणकातच राहतो, तारेवर कधीच जात नाही. उत्तरात एक तिकीट असते. ते दाखवून पुढे प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट मिळते, आणि ते त्या सेवेच्या किल्लीने बंद असल्यामुळे खुद्द धारकालाही त्यात फेरफार करता येत नाही. जुन्या संवादाची चोरलेली किल्ली पुन्हा वापरता येते, हा नीडहॅम-श्रोडर योजनेतील दोष डेनिंग आणि सॅको यांनी १९८१ मध्ये दाखविला होता. म्हणून तिकिटावर वेळ घातली गेली. परिणामी सर्व यंत्रांची घड्याळे जुळणे आवश्यक ठरले. साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की प्रामाणिक माणसालाही प्रवेश नाकारला जातो!

वेबवर प्रश्न निराळ्या रूपात आला. एका संकेतस्थळाने ठेवलेली ‘कुकी’ ब्राउझर परक्या संकेतस्थळास दाखवीत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा प्रत्येक संकेतस्थळ पाहुण्याला ओळख पटविणाऱ्या एका केंद्राकडे धाडते आणि तेथून त्याने आणलेली स्वाक्षरीयुक्त चिठ्ठी तपासून त्याला आत घेते. २००२ मधील ‘सॅमल’ आणि २०१४ मधील ‘ओपन-आयडी कनेक्ट’ ही मानके याच रीतीची. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘मेरी पहचान’ ही योजनाही, अनेक शासकीय सेवांना एकच प्रवेश पुरावा, यासाठीच आहे.

सोय मोठी, तसा धोकाही एकवटलेला. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या प्रणालीतील त्रुटींचा लाभ घेऊन सुमारे ३ कोटी खात्यांची प्रवेश-टोकने चोरली गेल्याचे उघड झाले. चोरांना कोणाचाही परवलीचा शब्द लागला नाही. साक्ष म्हणून दिलेली चिठ्ठीच हाती आली होती.

याहून साधी, पण रोज घडू शकणारी अडचण बाहेर पडण्याची आहे. अथेनातील तिकीट मूळ व्यवस्थेत आठ तासांनी निरुपयोगी होई. वेबवर मात्र एका सेवेतून बाहेर पडल्याने केंद्रातील प्रवेश मिटतोच असे नाही. ग्रंथालयातील सार्वजनिक संगणकावर वाचक आपले टपाल बंद करून उठतो; केंद्राचा प्रवेश चालूच असतो. त्याच खुर्चीत बसणाऱ्या पुढच्या माणसाने दुसरी एखादी सेवा उघडली, तर ती त्याला काहीही न विचारता पहिल्याच्या नावाने आत घेऊ शकते.