जुन्या जीपचे फॉगलॅम्प

आंबोली किंवा आंबेनळी घाटात पावसाळी धुकं उतरलं की हेडलाइटचा अप्पर मारून उपयोग नसतो. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. तिथे हवा बंपरजवळ खाली बसवलेला, आडवा पसरणारा फॉगलॅम्प.

जुन्या जीपवर तो बसवताना खरी कसोटी वायरिंगची. 12 व्होल्टवर 55 वॅटचा एक बल्ब साडेचार अँपिअरच्या वर करंट ओढतो, जोडी नऊच्या पुढे. हा सगळा भार डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधून नेला तर स्विच तापतो, प्लास्टिक वितळतं. म्हणून रिले घालायचाच. इथे काटकसर नको. रिलेच्या पायांजवळ बारीक आकडे असतात. 30 वर बॅटरीची वायर, तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून दिवे. 86 वर स्विचची वायर, 85 अर्थिंगला. मग स्विचमधून जेमतेम रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो. दिव्यांची वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. आणि हो, कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

एवढं करूनही दिवा मिणमिणतो? बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा. बोल्टखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची धार इन्शुलेशन कापते. शेवटी दिव्याचं तोंड किंचित खाली झुकवा. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपता कामा नयेत.