ई-व्हेरिटो: विजेवरची घरची गाडी

बंगळुरूच्या रेवा कंपनीने 2001 मध्ये छोटी विजेची मोटार आणली. 2010 मध्ये महिंद्राने रेवाचा मोठा हिस्सा घेतला आणि 2016 मध्ये आली ई-व्हेरिटो, चार दारांची, ऐसपैस डिकीची, पूर्ण विजेवरची सेडान. मूळ व्हेरिटो आपल्या नाशिकची! पूर्ण चार्जिंगला पावणेनऊ तास. जलद चार्जिंगच्या मॉडेलला पावणेदोन तासांत 80 टक्के. ब्रेक दाबला की चाकांची थोडी ऊर्जा बॅटरीत परतायची. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत हे फार मोलाचे. दावा 110 किलोमीटरचा, पण एसी आणि भरलेली गाडी पल्ला घटवतात. कुठल्याही विजेच्या गाडीचा दावा ऐकताना पाचवा हिस्सा वजा धरावा, असे मला वाटते. रोजच्या ऑफिसला ही पुरायची. बंगळुरूहून म्हैसूरला निघालात, तर मात्र वाटेत चार्जर लागायचाच.