क्लोजअपच्या जागी



आभार आणि सत्कार यथासांग झाले आहेत, तेव्हा मी थेट कामाचं बोलतो. हल्ली निर्माते भेटले की विचारतात, अमका सिनेमा तुफान चालला, गोड लव्हस्टोरी आहे, हशे आहेत, त्याचं संगीत नाटक होईल का? विचारण्यात काही गैर नाही. नाव लोकांच्या तोंडी असलं की बुकिंग उघडताना धाकधूक कमी होते. पण मग जी संहिता हातात येते तीत सिनेमातले गाजलेले संवाद एकामागून एक लावलेले असतात आणि अधूनमधून लेखकानं लिहिलेलं असतं, ‘इथे गाणे’. हे ‘इथे’ म्हणजे नक्की कुठे, एवढंच आज बोलायचं आहे.

१९४० साली अर्न्स्ट लुबिचनं ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ काढला. बुडापेस्टमधलं एक दुकान. तिथं काम करणारे दोघं दिवसभर एकमेकांशी भांडतात आणि आपल्याच भांडकुदळ सहकाऱ्याला आपण निनावी प्रेमपत्रं लिहितोय याचा त्यांना पत्ता नसतो. त्यात पोस्टातला एक शॉट आहे. टपालाच्या खणांमागे कॅमेरा. एका खणात हातमोजा घातलेला हात येतो, चाचपडतो, काही सापडत नाही. मग त्याच चौकोनात वाकून पाहणारा मुलीचा चेहरा दिसतो. संवाद एकही नाही. आता हा शॉट शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतून पाहा. हात दिसणार नाही, चेहरा त्याहून नाही.

याच सिनेमावरून १९६३ मध्ये ब्रॉडवेवर ‘शी लव्हज मी’ आलं. संहिता जो मास्टरॉफ, संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. नायिका आजारी आहे आणि ज्याला ती शत्रू समजते तो सहकारी तिच्याकडे आईस्क्रीम घेऊन येतो. तो गेल्यावर ती त्या अनोळखी मित्राला पत्र लिहायला बसते. दोन ओळी होत नाहीत तोच मन आईस्क्रीमकडे, म्हणजे ते आणणाऱ्याकडे धावतं. पुन्हा पत्र, पुन्हा आईस्क्रीम. गाणं या ओढाताणीतच घडत जातं आणि अखेरीस नायिका झालेल्या बार्बरा कुकचा आवाज अशा टिपेला पोहोचत असे की आपण प्रेमात पडलोय हे त्या मुलीला कळायच्या आधी प्रेक्षकांना कळून चुकावं. लुबिच जे काम चेहऱ्याजवळ कॅमेरा नेऊन करतो, ते इथं गाण्यानं केलं. धंद्याचंही सांगून टाकतो, नाहीतर निर्माते म्हणतील अध्यक्ष सोयीचं तेवढंच सांगतात. पहिल्या खेपेला ते नाटक वर्षभरही टिकलं नाही. त्याची थोरवी पुढे पुनरुज्जीवनांतून लोकांना उमगली.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमाचं नाटक करताना गाजलेले संवाद आधी बाजूला ठेवा. सिनेमात माणसं गप्प कुठं झाली आणि कॅमेरा पुढं कुठं सरकला, त्या जागांवर खूण करा. गाणं तिथं हवं.

दुसरं उदाहरण ‘द अपार्टमेंट’चं. बिली वाइल्डरचा १९६० चा सिनेमा. वरिष्ठांना आपल्या फ्लॅटची किल्ली देऊन बढती मिळवणारा कारकून. आपली आवडती मुलगीच साहेबाबरोबर तिथं येते हे त्याला कळतं ते तिच्या तडा गेलेल्या छोट्या आरशातून. त्या आरशात तो स्वतःचं दुभंगलेलं तोंड पाहतो, बस्स. १९६८ मध्ये नील सायमननं याचं ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’ केलं तेव्हा कारकुनाला थेट प्रेक्षकांशीच बोलायला लावलं. जवळ जाणारा कॅमेरा नव्हता, म्हणून पात्रच आपल्याजवळ आलं. संगीत बर्ट बाखारॅकचं, गीतं हाल डेव्हिडची. बोस्टनला सुरुवातीचे प्रयोग चालू असताना दुसऱ्या अंकात एक गाणं कमी पडतंय असं ठरलं आणि नेमका बाखारॅक न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात गेला. डेव्हिडनं तो न्यूमोनियाच गाण्यात घातला. बाखारॅक बाहेर आल्यावर चाल झाली. झोपेच्या गोळ्या घेऊन मरणाच्या दारातून परत आलेली मुलगी गिटारवर ते साधंसं, स्वतःचीच थट्टा करणारं गाणं म्हणते. नाटकातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं तेच ठरलं.

आपल्याकडे असं आयत्या वेळी करून बघा! मुहूर्तालाच ट्रॅक रेकॉर्ड होऊन आलेला असतो. गाणं बदलायचं म्हटलं की स्टुडिओ, वादक, पुन्हा मानधन. खर्चाचं गणित मला कळतं. सात-आठ वादक बसमधून फिरवायचे, त्यांचा भत्ता, राहण्याची सोय, हे परवडत नाही. पण विनोदी नाटकात ट्रॅकचं खरं नुकसान वेगळंच आहे. ट्रॅक हशासाठी थांबत नाही. दादरला जिथं खसखस पिकते तिथं कोल्हापूरला छप्पर उडतं आणि पुढची ओळ त्या गोंगाटात बुडून जाते. ऑर्गनवर बसलेला माणूस एक नजर स्टेजकडे टाकून दोन मात्रा रेंगाळू शकतो. निदान एक वादक तरी जिवंत ठेवा, एवढी विनंती मी कधीपासून करतोय. माझ्याच एका नाटकाच्या निर्मात्यानं ती हसण्यावारी नेली होती.

सिनेमा जसाच्या तसा उचलण्याचंही उदाहरण आहे. ‘प्रिटी वूमन’ १९९० चा, त्याचं ब्रॉडवेवरचं नाटक २०१८ चं. दागिन्याच्या पेटीचं झाकण रिचर्ड गेअर अचानक मिटतो आणि जुलिया रॉबर्ट्स खळखळून हसते, हे पडद्यावर अवचित घडलं म्हणून गोड वाटतं. रोज रात्री ठरल्या वेळी अवचित हसायचं कसं? नाटक वर्षभर चाललं, पण समीक्षकांची मोठी तक्रार हीच होती की ते सिनेमाला धरूनच बसलं आहे. उलट ‘ग्राउंडहॉग डे’चं नाटक लंडनच्या ओल्ड विकमध्ये २०१६ ला झालं, तेव्हा गीत-संगीतकार टिम मिंचिननं दुसरा अंक उघडला तो नॅन्सी नावाच्या एका दुय्यम मुलीच्या गाण्यानं. सिनेमात नायक तिला फसवून पुढं जातो. इथं ती एकटी उभी राहून, आपल्या वाट्याला एवढीच भूमिका का, असं विचारते. कॅमेरा जिच्यापाशी थांबलाच नाही, तिच्यापाशी हे नाटक थांबलं.

आपला पेच मात्र वेगळा आहे, कारण आपल्या सिनेमात गाणी आधीच असतात. आदित्य चोप्रांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चं इंग्रजी नाटक आधी २०२२ मध्ये सॅन डिएगोला आणि मग २०२५ मध्ये मँचेस्टरला केलं. तेव्हा विशाल-शेखर यांच्या नव्या चाली घेतल्या, गीतं नेल बेंजामिनची. सिनेमातल्या नायकाचा, राजचा, नाटकात गोरा रॉग झाला यावर भरपूर वाद रंगला. तो वाद रास्त असला तरी मला जास्त रस आहे नव्या गाण्यांच्या निर्णयात. मराठा मंदिरला वर्षानुवर्षं ज्या गाण्यांसाठी लोक तिकीट काढतात ती सोडायला छाती लागते. पण जतीन-ललितची ती गाणी पडद्यासाठी बांधलेली आहेत. त्यांतली बरीचशी स्वप्नाची किंवा सोहळ्याची. कथा तेवढा वेळ थांबते आणि स्वित्झर्लंड पुढं सरकतं.

इथं मला गोविंद बल्लाळ देवल आठवतात. आर्थर मर्फीच्या इंग्रजी प्रहसनावरून त्यांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिलं आणि १९१६ मध्ये स्वतःच त्यात पदं घालून गंधर्व नाटक मंडळीसाठी ‘संशयकल्लोळ’ केलं. तयार विनोदी कथेत गाणी कशी मुरवायची याचा धडा घरातच आहे. रेवती गाते, अश्विनशेठ गातो. संशयानं पोखरलेला फाल्गुनराव मात्र गद्यात बोलतो. फाल्गुनरावाची भूमिका करणारे गणपतराव बोडस गवई नव्हते हे खरं, पण तेवढ्यावर हे सोडून देऊ नका. ज्याला कुणावरच भरवसा नाही तो सुरात येईलच कसा? दोघं गातात आणि तिसरा खेकसतो, हशा त्या फटीतून येतो.

आता ‘दिलवाले’चा शेवट घ्या. शूटिंग आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनवर झालेलं. गाडी सुटते, राज दारात, आणि बापाच्या मुठीत मुलीचं मनगट. सगळा प्रसंग त्या मुठीवर तोलला आहे. रंगमंचावर खरी गाडी आणण्याच्या नादात नेपथ्यकारानं कितीही पैसा ओतला तरी पंधराव्या रांगेला ती मूठ दिसणार नाही. मग गाणं द्यायचं का? कुणाला? सिनेमात हा बाप बायकोसाठी जुन्या चित्रपटातलं एक गाणं म्हणतो खरा, पण ते उसनं. त्याचं स्वतःचं असं एकही गाणं नाही. माझ्या हाती ती संहिता असती तर मी त्याला सगळं नाटकभर फाल्गुनरावासारखं गद्यात ठेवलं असतं, भोवतालचे सगळे गात असताना. आणि मूठ सुटताना एकच ओळ, बिनसाथीची. ऑर्गनही बंद.

कुणी म्हणेल, तिथं तो गप्पच बरा. असेलही. भांडू या त्यावर. जेवणानंतर संहितांचं वाचन आहे. लेखकांनी तयार राहावं. तुमच्या नाटकात किती गाणी आहेत हे मी विचारणार नाही. गात कोण नाही, ते आधी सांगा.