फी माफ झाली, पण जेवायचं कुठं?

विषय शिष्यवृत्तीचा असला तरी मी सुरुवात डब्यापासून करणार आहे.

1974 साली मी कोल्हापुरात कॉलेजला आलो. आमचं गाव गगनबावडा रस्त्यावरचं. घरी दीड एकर रान, तलाठ्याचा दाखला जोडला की ईबीसीत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीत, फी माफ. राहायला खोली, खोलीत तिघं. आणि रोज सकाळच्या एसटीनं आईचा डबा यायचा. स्टँडवर पंधरा-वीस पोरं वाट बघत उभी असायची. ॲल्युमिनियमचे डबे सगळे एकाच घडणीचे, सगळे फडक्यात बांधलेले. माझ्या डब्याच्या गाठीला आई लाल दोरा गुंडाळायची, तेवढीच ओळख. आत दोन भाकरी, आमटी, कधी खर्डा. रिकामा डबा परतीच्या गाडीत द्यायचा.

पहिल्याच जुलैत पाऊस लागला, रस्त्यावर पाणी आलं आणि गाडी बंद झाली. गाडी बंद म्हणजे डबा बंद. खोलीतला कागलकडचा दोस्त, त्याचा डबा चालू होता. त्यातली एक भाकरी माझी. असे तीन दिवस गेले. त्या तिन्ही दिवशी माझी फी माफच होती.

हे दुखणं कोल्हापुरात एका माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी बरोबर ओळखलं होतं. राजाराम कॉलेज 1880 पासून उभं होतं. पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ते दिसायचं लांबूनच. शहरात त्याला कोण ठेवून घेणार, कोणाच्या पंगतीत तो बसणार? शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग झालं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये लिंगायत, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागा दिल्या, इमारती दिल्या, वर्षासनं बांधून दिली. जातवार वसतिगृहं का, असा आक्षेप आजही घेतात. पण एका छपराखाली सगळ्यांनी राहावं, असा प्रयोग महाराजांनी आधी करून पाहिला होता आणि त्या काळच्या सोवळ्यानं तो टिकू दिला नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दसरा चौकातून फिरताना त्या इमारती बघा. सरकारी अनुदानाला दारं, खिडक्या आणि स्वयंपाकघर असू शकतं, हे तिथं कळतं.

याच कोल्हापुरात शिकलेला कुंभोजचा एक मुलगा पुढं साताऱ्यात गेला आणि 1924 साली त्यानं सगळ्या जातींच्या पोरांना एका चुलीवर आणलं. कर्मवीर भाऊरावांबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं!

रोख शिष्यवृत्तीची परंपराही लहान नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते 1920 साली लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी हात दिला. आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. मग 1959 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं ईबीसी आणली. तिथं जात नाही, उत्पन्न बघायचं. आमच्यासारख्यांची एक पिढी त्या तीन अक्षरांवर पदवीधर झाली.

आज त्या ईबीसीचं नाव राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्कातली निम्मी रक्कम सरकार देतं. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं. निर्णय मोठा आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण नाव शाहू महाराजांचं आणि पैसा फक्त फीचा, हे मला खटकतं. जेवण्या-राहण्यासाठी वेगळी योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाची. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी तिचा सुरुवातीचा दर मोठ्या शहरांत वर्षाला 30 हजार, आपल्यासारख्या ठिकाणी 20 हजार होता. दहा महिन्यांत वाटून बघा, महिन्याला दोन हजार पडायचे. त्यात खोलीचं भाडं द्यायचं की मेसचं बिल?

आणि हे पैसे येतात कधी? उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार बँकेला जोडलेलं, महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग पुढं. हप्ता जमा होईपर्यंत कित्येकदा परीक्षा आलेली असते. मेसवाला ऑगस्टचे पैसे ऑगस्टमध्येच मागतो, त्याच्याकडं लॉगिन नसतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावची एक पोरगी महा-ई-सेवा केंद्रात भेटली. इंजिनिअरिंगला आहे, फी माफ. अर्जाचं काय झालं, म्हणून विचारलं. म्हणाली, "आजोबा, स्टेटस अंडर स्क्रूटिनी दाखवतंय." मी म्हटलं, आणि जेवणाचं? तर हसली नुसती.

परवा मुद्दाम सकाळी स्टँडवर गेलो. गावाकडच्या गाडीतून अजून डबे उतरतात. डबे आता स्टीलचे, आणि गाठीच्या दोऱ्याऐवजी झाकणावर मार्करनं नाव आणि मोबाइल नंबर.