सिनेमा कुणाच्या शेजारी बसून पाहता?

(यवतमाळ जिल्ह्यातील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुसद, दिग्रस, आर्णी, उमरखेड, कुठल्याही मोहल्ल्यात रात्री डोकावा. एका घरात चार माणसं आणि चार मोबाइलवर चार सिनेमे. मोठी माणसं म्हणतात, मोबाइलने सिनेमाची मजा घालवली. मला हे अर्धंच पटतं.

आधी डोळ्यांचा हिशेब करू. साडेसहा इंची मोबाइल आडवा करून फूटभर अंतरावर धरला, तर तो आठ फुटांवरच्या ४३ इंची टीव्हीएवढा तरी दिसतोच. म्हणजे घरातला टीव्ही फार काही जास्त दाखवतो असं नाही.

दुसरा हिशेब आपल्या घरातल्या बायकांचा. टॉकीजच्या काळात आपल्या किती अम्मी, किती आपा मनात आलं म्हणून सिनेमाला जाऊ शकल्या? जत्रा-उरुसात तंबू टॉकीज यायची, तेव्हाही कितीतरी मुली घरीच राहायच्या. त्यांचा मोठा पडदा हरवला नाही, तो त्यांना मिळालाच नव्हता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि सिनेमा पहिल्यांदा त्यांच्या हातात आला. म्हणून मोबाइलला नावं ठेवण्याआधी थोडं थांबा.

मग हरवलं काय? हरवलं ते शेजारचं माणूस.

एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ घ्या. कथा इस्मत चुगताईंची. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेले सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी, शेवटी देश सोडायला निघतात. वाटेत मोर्चा दिसतो. मुलगा टांग्यातून उतरून त्यात सामील होतो आणि मग बापही बायकोला घरी परत पाठवून त्या गर्दीत मिसळतो. मोबाइलवर ही गर्दी मुंग्यांसारखी दिसते. भिंतीएवढ्या पडद्यावर एक एकटा पडलेला माणूस लोकांत सामावताना दिसतो. आणि तो क्षण आपण स्वतः चाळीस माणसांत बसून पाहत असलो, तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मोबाइलवर आपण कंटाळा आला की दहा सेकंद पुढे ढकलतो. हवेली सोडायला नकार देणारी म्हातारी दादी अशीच पुढे ढकलली जाते. सिनेमाचे तुकडे पाहायची सवय लागली की माणसांविषयीही तुकड्यांवरून मत बनतं. आपल्या समाजाविषयी फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिप्सचा त्रास आपल्याला चांगला ठाऊक आहे. दुसऱ्यांविषयीच्या क्लिप्स आपणही तितक्याच सहज पुढे पाठवतो.

म्हणून एक काम सुचवतो. महिन्यातून एकदा वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात पांढरी चादर ताणा. क्रिकेटच्या सामन्यासाठी प्रोजेक्टर भाड्याने आणता, तसा आणा. सिनेमा दाखवण्याची परवानगी हक्कधारकाकडून आधीच घ्या. वेळ अशी ठेवा की मुली दिवेलागणीला घरी पोहोचतील. खुर्च्या मांडताना त्यांना मागच्या कोपऱ्यात बसवू नका. शेजारच्या मोहल्ल्यातल्या हिंदू, बौद्ध मित्रांनाही बोलवा. सिनेमा पूर्ण पाहा, मध्ये कुणी पुढे ढकलू नका. नंतर अर्धा तास चर्चा करा आणि पहिलं बोलणं मुलींचं असू द्या.

मोबाइल खिशात राहू द्या, त्याने आपल्याला सिनेमा दिला आहे. पण सिनेमावर वाद घालायला समोर माणूस लागतो. तो आपणच गोळा करायचा आहे.