पॉर्फिरिन पदवीच्या प्रयोगशाळेत यावे



रसायनशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने सबंध विषयाचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडची रीत. मी मात्र आज एकाच प्रकारच्या रेणूंविषयी बोलणार आहे. पॉर्फिरिनच्या अभ्यासात माझी बहुतेक वर्षे गेली. पदवीच्या विद्यार्थ्याला जे जे कळावे असे आपल्याला वाटते, त्यातले बरेचसे या एका वलयातून शिकवता येते, अशी माझी खात्री आहे.

चार पायरोल, त्यांना सांधणारे चार कार्बन आणि मधोमध एका धातूपुरती जागा, एवढाच हा सांगाडा. त्या जागी लोह आले की हीम होते आणि आपल्या रक्तातून प्राणवायू वाहू लागतो. वलयात थोडा फरक होऊन मॅग्नेशियम आले की हरितद्रव्य. बी-12 जीवनसत्त्वात कोबाल्ट असतो. त्याचे कॉरिन वलयही याच कुळातले, फक्त सांधणारा एक कार्बन कमी. तुराको या आफ्रिकी पक्ष्याच्या किरमिजी पिसांत तांबे असलेले पॉर्फिरिन सापडते. कोंबडीच्या तपकिरी अंड्याचा रंग तर धातू नसलेल्या प्रोटोपॉर्फिरिनचा. अंधाऱ्या खोलीत त्या अंड्यावर अतिनील दिवा धरा, कवच तांबडे चमकेल. हा प्रयोग शाळेतही करता येतो.

हे सगळे एका मोठ्या वलयात बांधलेले असेल, असे विल्यम क्युस्टरने 1912 साली मांडले तेव्हा फारसे कोणाला पटले नाही. एवढे मोठे वलय टिकणारच नाही, असा तेव्हाचा समज होता. म्युनिकच्या हान्स फिशरलाही सुरुवातीला शंका होती. पण 1929 मध्ये त्यानेच हिमिन प्रयोगशाळेत घडवले आणि क्युस्टरचे वलय खरे ठरले. पुढच्याच वर्षी फिशरला नोबेल मिळाले. वलय किती टिकाऊ आहे, हे त्याचाच शिष्य आल्फ्रेड ट्राइब्स याने 1934 च्या सुमारास दाखवले. तेलयुक्त खडकांत आणि खनिज तेलात त्याला व्हॅनेडियम असलेली पॉर्फिरिने मिळाली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हरितद्रव्याचा तो सांगाडा होता. खनिज तेल सजीवांपासून बनले, याचा तो भक्कम पुरावा ठरला. वलयाभोवती फिरणाऱ्या 18 पाय-इलेक्ट्रॉनांचे हे सामर्थ्य. ह्यूकेलचा नियम शिकवताना आपण बेंझीनपाशी थांबतो. तिथून पुढे ट्राइब्सच्या तेलापर्यंत जायला हवे.

आता संश्लेषणाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

पॉल रोथमुंडने 1930 च्या दशकात पायरोल आणि बेंझाल्डिहाइड पिरिडिनमध्ये घालून, बंद नळीत, 220 अंश सेल्सिअसला दोन दिवस तापवले. टेट्राफेनिलपॉर्फिरिन मिळाले, पण जेमतेम. बाकी सगळे डांबर. जवळजवळ 30 वर्षांनी, 1967 मध्ये, अ‍ॅडलर आणि लाँगो यांनी तीच दोन द्रव्ये प्रोपिऑनिक आम्लात उघड्या हवेत अर्धा तास उकळली. तापमान 141 अंशांवर आले, यील्ड वीस टक्क्यांच्या आसपास गेले आणि थंड केल्यावर जांभळे स्फटिक आपोआप खाली बसले. त्यानंतर 20 वर्षांनी जोनाथन लिंडसेने तापवणेच सोडून दिले. डायक्लोरोमिथेनमध्ये दोन्ही द्रव्ये अगदी विरळ, लिटरला सुमारे शंभरांश मोल, घ्यायची, आम्लाचा अंश घालायचा आणि खोलीच्या तापमानाला ठेवायचे. आधी रंगहीन पॉर्फिरिनोजेन बनते. मग क्विनोन घालून त्याचे ऑक्सिडीकरण करायचे. यील्ड आणखी वाढले आणि उकळत्या आम्लात न टिकणारी अल्डिहाइडेही आता चालू लागली.

यात काय घडले ते नीट पाहू. पायरोल आणि अल्डिहाइड जोडले जाताना साखळी लांबतच जाते. ती चार पायरोलांनंतर मिटून वलय व्हावी, तर द्रावण विरळ हवे. दाट असले तर लांब साखळ्या होतात, फार विरळ केले तर क्रियाच मंदावते. शिवाय आम्लाच्या सान्निध्यात हे बंध तुटू-जुळू शकतात, म्हणून चुकीची साखळी सुटून पुन्हा जुळायला वाव मिळतो. ऑक्सिडीकरणाची घाई केली की हा वाव संपतो. समतोल हे प्रकरण आपण अकरावीपासून शिकवतो, पण एखाद्या संश्लेषणाचे यश समतोलावर इतके उघडपणे अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण पदवीच्या अभ्यासक्रमात मला दिसत नाही.

पेशीही हाच क्रम पाळते. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे आठ रेणू, त्यांचे चार पायरोल, मग रंगहीन पॉर्फिरिनोजेन, ऑक्सिडीकरण अगदी शेवटाकडे आणि त्यानंतर लोह. यातला नत्र कुठून येतो, हे न्यूयॉर्कच्या डेव्हिड शेमिनने स्वतःवर प्रयोग करून शोधले. जड नत्र असलेले 66 ग्रॅम ग्लायसिन त्याने तीन दिवसांत पोटात घेतले आणि पुढे कित्येक महिने स्वतःचे रक्त तपासले. हीममधला नत्र ग्लायसिनचा, हे त्यातून कळलेच. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, हेही कळले. एवढ्या साध्या साधनांतून एवढे मोठे उत्तर काढणाऱ्या या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

याच कुळातले फ्थॅलोसायनिन मात्र तापाला भीत नाही. 1928 साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात फ्थॅलिमाइड बनवताना भांड्याचा मुलामा तडकला, आतले लोखंड उघडे पडले आणि मालात निळसर पदार्थ दिसला. लंडनच्या लिन्स्टेडने त्याची रचना उलगडली. तांबे घातलेले हे निळे रंगद्रव्य आज छपाईच्या शाईत सर्वत्र आहे. आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरचे निळे आकाश बहुधा त्याचेच असते. ते बनवणारे कारखाने आपल्या कोकणात आहेत, शेजारच्या गुजरातेत तर पुष्कळच. तिथे नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना या रेणूची घडण ठाऊक नसावी, हे मला पटत नाही.

वैद्यकाचा उल्लेख थोडक्यात करतो. 1912 मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झने स्वतःला हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले आणि उन्हात जाताच त्याचा चेहरा सुजला. प्रकाश, पॉर्फिरिन आणि प्राणवायू एकत्र आले की पेशींना इजा होते. त्याच गुणधर्माचा उपयोग करणाऱ्या फोटोफ्रिनला कर्करोगावरील उपचारासाठी 1993 मध्ये कॅनडात मान्यता मिळाली. आणखी तांबड्या, ऊतींत खोल जाणाऱ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी वलये आता हवी आहेत. त्यासाठी वलय मोठे करणे किंवा गाभ्यातला नत्र बदलून गंधक घालणे हे मार्ग आहेत. या कामात टी. के. चंद्रशेखर यांनी कानपूरला आणि एम. रविकांत यांनी पवईच्या आयआयटीत केलेले संशोधन जगभर वाचले जाते. पवई आपल्यापासून किती लांब आहे?

म्हणून माझी मागणी. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये अ‍ॅडलर पद्धतीचे टेट्राफेनिलपॉर्फिरिन घ्या. पायरोल ऐनवेळी ऊर्ध्वपातन करून घ्या, कारण ते ठेवले की काळवंडते. उकळण्याचे काम फ्यूम हूडमध्येच करा. गाळून मिथेनॉलने धुतले की जांभळे स्फटिक मुलांच्या हातात येतात. वर्णपटात 418 नॅनोमीटरच्या आसपास प्रचंड उंच सोरे पट्टा दिसतो आणि पुढे चार लहान पट्टे. जस्त घाला, वलयाची सममिती वाढते आणि चाराचे ठळक दोन पट्टे होतात. तांबे घाला, लाल प्रतिदीप्ती विझते. आम्ल टाका, द्रावण हिरवे होते. सममिती, धातूबंध, आम्ल-आम्लारी, सगळे एका दुपारच्या कामात डोळ्यांसमोर येते.

आणि मुलांना यील्ड खरे लिहू द्या. वीस टक्के आले तर वीसच. उरलेले डांबर कुठून आले, यावर त्यांच्याकडून एक पान लिहून घ्या आणि गुण त्या पानाला द्या.

ज्या महाविद्यालयात वर्णपटमापक नाही, तिथल्या अध्यापकांनी शेजारच्या महाविद्यालयाकडे नमुने न्यावेत, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आठवड्यातली एक दुपार त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी. येत्या जूनमध्ये प्रयोगांची यादी ठरवताना हा प्रयोग तिच्यात घाला, एवढीच माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे.