बघ्यांमधला मी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर, प्रसादाच्या आधी भाषण ठेवणे हा श्रोत्यांवर अन्यायच आहे. म्हणून थोडक्यात बोलतो.

दिल्लीत येऊन मला चौतीस वर्षे झाली. ‘इथे कोणी कोणाचं नसतं’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरी ऐकू येते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुभाष नगरला पहाटे टेम्पोने उडवलेला माणूस तासाभराहून अधिक वेळ रस्त्याकडेला पडून होता. माणसे, वाहने शेजारून जात राहिली. एकजण थांबला, तो पडलेला मोबाइल उचलायला. माणूस दगावला. ते चित्रण टीव्हीवर पाहून मी फार संतापलो. तेव्हा आमची सौ. म्हणाली, ‘‘अहो, गेल्या वर्षी बसथांब्यावर तुम्ही काय केलंत?’’

ते सांगतो. गणपतीचेच दिवस होते. थांब्यावर वीस-पंचवीस माणसे, माझ्या हातात मोदकांचा डबा. एक वयस्कर गृहस्थ खाली बसले आणि आडवेच झाले. मी डावीउजवीकडे पाहिले. कोणी हलत नव्हते, त्यावरून मी ठरवले की विशेष काही झालेले नसावे. बाकीच्यांनीही बहुधा माझ्याकडे पाहून तेच ठरवले असेल! बस आली, मी चढलो. त्यांचे पुढे काय झाले, मला आजतागायत माहीत नाही.

अमेरिकेत डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावले आणि मध्येच एकाला फेफरे आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत होता, तेव्हा १०० पैकी ८५ जण झटका संपायच्या आत सांगायला धावले. आणखी चौघे ऐकताहेत असे वाटले, तेव्हा फक्त ३१. गंमत म्हणजे जे उठले नाहीत ते काही निर्ढावलेले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. मला हे वाचून हायसे वाटले आणि लाजही वाटली.

पोलीस आणि कोर्टकचेरीची भीती असतेच, नाही असे नाही. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. सुभाष नगरची घटना मात्र मार्चनंतरचीच, हे लक्षात घ्या. कागद रस्त्यावर पोचायला वेळ लागतो.

जाणकार सांगतात, गर्दीत ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडू नये. एकालाच बोट दाखवून सांगावे. काल याच मंडपात उकाड्याने एका आजींना घेरी आली. सगळे माना वळवून पाहू लागले. मी म्हटले, ‘‘अहो निळा कुर्ता, तुम्ही ११२ लावा! आणि ताई, तुम्ही पाणी आणा.’’ निळा कुर्ता म्हणजे आपले खजिनदार निघाले. हातातली पावती अर्धी सोडून ते फोन लावू लागले. आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्या देणगीदाराची पावती अजून राहिलीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!